चाचा नंबर सांगत नव्हते

मेहुण्याच्या मुलाच्या लग्नात वरात निघायच्या वेळी घोडा जागचा हलेना. जालना रोडवरचं मंगल कार्यालय, बाहेर डीजे चालू, पत्रिकेत मंगल परिणयाची वेळ साडेबाराची छापलेली आणि पाऊण वाजायला आलेला. पांढऱ्या कपड्यांतला नवरदेव घोड्यावर बसलेला, आणि घोडा मागचा एक पाय वर धरून उभा. घोडेवाल्यानं फोन केला आणि वीसेक मिनिटांनी एक म्हातारे गृहस्थ जुन्या मोपेडवरून आले. डोक्यावर जाळीची टोपी, मागं लोखंडी पेटी बांधलेली. ते नालबंद होते. राहायला खुलताबादला, पण त्या दिवशी कामासाठी शहरात आलेले.

त्यांनी आधी नवरदेवाला खाली उतरवलं, मग डीजे बंद करायला लावला. घोड्याचा पाय गुडघ्यांत धरून नालेचे दोन खिळे काढले, नवे ठोकले, खूर कानशीनं घासला. काम दहा मिनिटांत झालं. पाय खाली ठेवल्यावर त्यांनी घोड्याच्या अंगावरची जरीची झूल वर केली आणि खांद्यावरची डागलेली जुनी खूण बोटानं दाखवली.

"रेसचा हाय ह्यो. पुण्याकडून आला असंल. ह्याला ढोलाची सवय नाय. जरा हळू वाजवा."

वरात निघाली, मी मागं राहिलो. त्यांना चहा दिला आणि विचारलं, "चाचा, रेस बघितली का कधी?"

"नाय साहेब. रेसच्या घोड्यांचे पाय लई बघितले. म्हातारे झाल्यावर येतात न माझ्याकडं. पळताना एकबी नाय पाहिला."

माझ्या डोक्यात जे यायला नको होतं ते त्याच क्षणी आलं.

मी शेंद्र्याला एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. काही वर्षांपूर्वी कंपनीनं ट्रेनिंगसाठी पुण्याला पाठवलं होतं. तिथला एक सहकारी रविवारी मला रेसकोर्सवर घेऊन गेला. त्या दिवशी मी तीन शर्यती खेळलो आणि दोन जिंकलो. तसा दिवस पुन्हा आलेला नाही. पण तेव्हापासून पावसाळ्यात पुण्याचा सीझन सुरू झाला की महिन्यातून एखादा रविवार मी पहाटेची बस धरतो. मुंबईच्या मानानं पुण्याचं रेसकोर्स लहान, सीझन लहान, गर्दीही बेताची. मला तेवढंच झेपतं. आमच्या शहरात रेसकोर्स नाही याचा बायकोला मनापासून आनंद आहे. तिची तक्रार पैशांची कमी आणि पाण्याची जास्त असते. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक, आणि ते नेमकं माझ्या रेसच्या रविवारी येतं. मी पुण्यात घोड्यांमागं, ती इथं पाइप घेऊन टाकीपाशी. त्या रात्री घरात बोलणं नसतं.

या सगळ्या वर्षांत मी घोड्यांचा अभ्यास केला नाही असं नाही. रेसबुक आणायचं, मागच्या शर्यतींचे आकडे पाहायचे, कुणाच्या पाठीवर किती वजन आहे, कोण किती अंतर पळलाय, सगळं पेन्सिलीनं लिहायचं. आणि मग तिकिटाच्या खिडकीपाशी उभं राहिल्यावर शेजारचा कुणीतरी अनोळखी माणूस "पाच नंबर पक्का आहे" म्हणायचा आणि मी पाच नंबरचं तिकीट काढायचो. पाच नंबर कुठंच नसायचा. माझ्या पेन्सिलीनं लिहिलेला घोडा पहिला यायचा. पुढच्या वेळी मी पेन्सिलीचं ऐकायचो, तर शेजारच्याचा घोडा यायचा. असं किती वर्षं सहन करायचं? मला कुणीतरी जाणता माणूस हवा होता. पन्नास वर्षं घोड्यांचे पाय हातात धरलेला माणूस माझ्यासमोर बशीतून चहा पीत होता.

"चला माझ्याबरोबर," मी म्हणालो. "मी दाखवतो रेस."

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. आठ दिवसांनी फोन आला.

"जयभीम साहेब. आता हौ म्हणतो. पण एक बात. मैं खेलता नै, हराम है. आणि तुम्हालाबी नंबर सांगणार नाय. मला घोडे दाखवा, बस्स."

"चालेल," मी म्हणालो. मनात म्हटलं, तोंडानं नका सांगू, मी चेहऱ्यावरून ओळखेन.

रविवारी पहाटे पाचला ते मध्यवर्ती बसस्थानकावर माझ्या आधी येऊन उभे होते. इस्त्री केलेला कुर्ता, हातात कापडी पिशवी, पिशवीत घरून आणलेल्या पोळ्या. मी दोन तिकिटं काढायला लागलो तर त्यांनी हात धरला आणि स्वतःचं तिकीट स्वतः काढलं. "खेळाच्या पैशातनं माझं तिकीट नको," एवढंच म्हणाले. मला राग आला. अजून मी खेळलोसुद्धा नव्हतो.

अहिल्यानगरपर्यंत बस बरी चालली. पुढं शिरूरला ड्रायव्हरनं अर्धा तास नाश्ता केला, आणि वाघोलीला जे अडकलो ते अडकलोच. पुढं ट्रक, मागं ट्रक, बाजूनं दुचाक्या. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत होतो. चाचा खिडकीतून शांतपणे बाहेर पाहत होते. एका ठिकाणी रस्त्याकडेला कुणीतरी बैलजोडी घेऊन उभा होता. त्याच्या बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांवर त्यांनी मला पाच मिनिटं माहिती दिली. मी एक शब्द ऐकला नाही.

येरवड्याला उतरून रिक्षानं रेसकोर्सवर पोचलो तेव्हा दुसऱ्या शर्यतीचे घोडे बाहेर निघत होते. मी गेटकडं धावायला लागलो, तर चाचा म्हणाले, "साहेब, जुहरच्या नमाजची वेळ झाली. पाच मिनिटं." गाड्या लावायच्या मैदानात झाडाखाली त्यांनी पिशवीतून चटई काढली. मी दोघांच्या पिशव्या धरून उभा राहिलो. भिंतीपलीकडून लाउडस्पीकरवर कॉमेंट्री ऐकू येत होती, लोकांचा आवाज चढत गेला, मग उतरला. शर्यत संपली. चाचांनी चटईची घडी घातली.

आत गेल्यावर त्यांना मी सरळ पॅडॉकपाशी नेलं. शर्यतीआधी घोडे गोल फिरवून दाखवतात ती ही जागा. मधे गवत, भोवती वाट, वाटेला कठडा. सईस लगाम धरून एकेक घोडा फिरवत होते. चाचांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"सुभानल्ला," ते हळूच म्हणाले. "अंग बघा. तेल लावल्यावानी चमकतंय. आणि नाल? साहेब, कागदावानी नाल हाय ही. एवढ्या मोठ्या जनावराला कागदाची चप्पल."

"ॲल्युमिनियमची असते," मी म्हणालो. माझं लक्ष नालेकडं नव्हतं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर, त्यांचा चेहरा दिसेल असा उभा होतो.

एक नंबर समोरून गेला. त्यांनी पाहिलं, सोडून दिलं. दोन गेला, तीन गेला, तसंच. चार नंबर आला आणि त्यांची मान त्याच्याबरोबर वळली. तो समोरून गेला तरी ते पाहत राहिले. दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच. जिभेनं च् असा आवाज काढला, मान हलवली. मला वाटलं, हेच. असा घोडा या माणसानं जन्मात पाहिला नसणार. मी धावत खिडकीपाशी गेलो आणि चार नंबरवर नेहमीपेक्षा जास्त लावले.

चार नंबर शेवटून दुसरा आला.

मी तिकीट हातात चुरगाळत चाचांकडं परत आलो. ते म्हणाले, "मला वाटलंच व्हतं. टाच लई बसकी हाय बिचाऱ्याची. एवढं वजन घेऊन कसा पळंल?"

"मग तुम्ही सारखं त्याच्याकडंच का बघत होता?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "ज्याच्या पायात खोट हाय त्याच्याकडंच बघत्यात न साहेब," ते म्हणाले. "चांगल्या पायाकडं काय बघायचं?"

 चूक माझी होती, हे मान्य. पण आता किल्ली सापडली होती. ते ज्याच्याकडं बघतात तो सोडायचा, ज्याच्याकडं बघत नाहीत तो घ्यायचा. पुढच्या शर्यतीला मी पुन्हा त्यांच्या शेजारी उभा राहिलो. सहा घोड्यांपैकी चारांवर त्यांची नजर थांबली. दोघांकडं त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. त्या दोघांतल्या एकाचा भाव, म्हणजे जिंकल्यावर रुपयामागं मिळणारे पैसे, बरा होता. त्याच्यावर मी विनचं तिकीट काढलं, म्हणजे तो पहिला आला तरच पैसे. मी प्लेसचं तिकीट काढलं असतं तर दुसरा आला तरी काहीतरी मिळालं असतं. पण मला खात्री होती, आणि खात्री असताना माणूस प्लेस घेत नाही.

तो दुसरा आला. मानेएवढ्या अंतरानं. पहिला कोण आला असेल? चाचांनी ढुंकून न पाहिलेल्या दोघांतला उरलेला घोडा.

माझ्या शेजारी चाचा टाळ्या वाजवत होते. त्यांच्यासाठी शर्यत सुंदर झाली होती. "कसे आले साहेब दोघं! एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात जाईल असं वाटलं, पण नाय गेला." त्यांनी पिशवीतून पोळी काढून मला अर्धी दिली. मला भूक नव्हती. घेतली, कारण नाही म्हणायलाही त्राण नव्हतं.

त्यानंतरची शर्यत मी आजही विसरलेलो नाही. पॅडॉकमध्ये सात नंबरचा घोडा आला आणि चाचांचा चेहरा पडला. नुसता पडला नाही, काळवंडला. ते कठड्याला धरून त्या घोड्याबरोबर चालायला लागले. तो वळला की हेही वळायचे. मधेच थांबून वाकून पाहायचे. एवढी काळजी त्यांनी त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याच घोड्याची केली नव्हती. मी रेसबुकात सात नंबरवर आडवी रेघ मारली. दोनदा मारली. खरं तर सकाळी बसमध्ये मी त्याच घोड्याला पेन्सिलीनं गोल केला होता. त्याचे मागचे आकडे चांगले होते आणि भाव मोठा होता, कारण मागच्या वेळी तो जास्त अंतरावर पळून दमला होता. पण डोळ्यांसमोर तज्ज्ञ माणूस हळहळत असताना आकडे कशाला बघायचे?

मी खिडकीकडं गेलो. रांगेत माझ्या पुढच्या माणसाचा खिडकीतल्या माणसाशी सुट्ट्यांवरून वाद चालला होता. कसंबसं तीन नंबरचं तिकीट मिळालं. शर्यत सुटायला जरा उशीर झाला, का ते मला कळलं नाही. लाउडस्पीकरवर काहीतरी सांगत होते, रांगेच्या गोंधळात ऐकू आलं नाही.

मी परत आलो तेव्हा चाचा स्टँडच्या पायऱ्यांवर सगळ्यांत खाली उभे होते. घोडे वळणावर आले. तीन नंबर पुढं होता आणि मी ओरडत होतो. मग बाहेरच्या बाजूनं एक घोडा असा आला, जसं बाकीचे उभेच आहेत. सात नंबर. माझ्या खाली, तीन पायऱ्यांवर, सहासष्ट वर्षांचे नालबंद चाचा डोक्यावरची टोपी काढून हवेत हलवत होते आणि ओरडत होते, "चल बेटा! चल! चल!"

सात नंबर दोन घोड्यांच्या लांबीनं जिंकला.

मी खाली गेलो. चाचांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "देखा? देखा साहेब? पाय कसा टाकला त्यानं!"

"चाचा," मी म्हणालो, "त्याच्यात तर खोट होती ना? तुम्ही सारखे बघत होता त्याच्याकडं."

"हौ! मागच्या उजव्या पायाची नाल सरकली व्हती. आतल्या अंगाला. खिळा वर आलेला. असाच पळाला असता तर नाल निघून दुसऱ्या पायाला लागली असती. मी सईसाला हाक मारली, बोललो भाई, पैर उठा के देख. ऐकलं बिचाऱ्यानं. पाय उचलून बघितला, त्यांच्या नालबंदाला बोलावलं. त्यानं तिथंच नाल बसवली. लई सफाईदार हात हाय त्याचा. म्हणून तर उशीर झाला न सुटायला."

"मी कुठं होतो तेव्हा?"

"तुम्ही खिडकीकडं गेले व्हते."

"मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं?"

"हेच! की नाल बसवली म्हणून. की आता घोडा चांगलाय म्हणून. मी तिथं रांगेत वीस मिनिटं उभा होतो. तुम्ही येऊन सांगू शकला असता."

त्यांनी माझे हात सोडले. टोपी डोक्यावर नीट बसवली. "नंबर सांगणार नाय बोललो व्हतो मी," ते म्हणाले.

सात नंबरचा भाव काय होता ते मी इथं लिहीत नाही. लिहून पुन्हा त्रास होतो.

शेवटच्या दोन शर्यती मी खेळलो, दोन्ही हरलो, त्यांची मला आठवणही नाही. परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. वाघोलीला बस पुन्हा अडकली. अजून उजेड होता. चाचा त्या सात नंबरबद्दलच बोलत होते. त्याच्या खुराचा रंग, सईसाचं नाव, सईस मूळचा कुठला, सगळं त्यांनी विचारून घेतलं होतं. मी ऐकून घेत होतो आणि आतून नुसता उकळत होतो. शेवटी मी बोललोच.

"चाचा, पन्नास वर्षं तुम्ही जनावरांचे पाय धरले. एवढं कळतं तुम्हाला. काय मिळालं? मोपेडसुद्धा धड नाही. आज एक शब्द बोलला असतात तर दोघांचंही भलं झालं असतं. काय उपयोग तुमच्या या नजरेचा?"

पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून पाहिलं. चाचांनी मांडीवरची पिशवी नीट केली. मग खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "उस घोडे का पैर बच गया न साहेब."

बस रात्री संभाजीनगरला पोचली. उतरल्यावर ते "खुदा हाफिज" म्हणाले आणि मोपेड लावली होती तिकडं चालू लागले. नेहमी मला जयभीम घालणारे चाचा त्या दिवशी जयभीम म्हणाले नाहीत.

घरी बायकोनं विचारलं, "कसा झाला दिवस?" मी म्हणालो, पाणी आलं होतं का. ती म्हणाली, हो.

पंधरा दिवसांनी मी एकटाच पुण्याला गेलो. कुणाची गरज नाही हे मला दाखवायचं होतं. कुणाला, ते ठाऊक नाही. या वेळी वाघोलीला गर्दी नव्हती, मी पहिल्या शर्यतीच्या आधी पोचलो आणि सवयीनं पॅडॉकपाशी जाऊन उभा राहिलो. घोडे फिरायला लागले आणि माझी नजर आपोआप खाली गेली.

याआधी मी कधी घोड्याचे पाय पाहिलेच नव्हते. नंबर पाहायचो, जॉकीचे कपडे पाहायचो. आता मला टाचा दिसायला लागल्या. एकाची बसकी वाटली. दुसऱ्याचा खूर आतल्या अंगाला वळलेला. तिसरा पाय टाकताना किंचित आखडतोय की माझाच भास? चौथ्याची नाल चमकली, ती सरकलेली होती की उन्हाचा खेळ? मला यातलं खरं काहीच कळत नव्हतं. चाचांना जे दिसतं त्याचा शतांशही मला दिसत नव्हता. पण आठच्या आठ घोड्यांत मला काहीतरी खोट दिसली. मी खिडकीपाशी गेलो. रांगेत माझा नंबर आला. आतला माणूस म्हणाला, "बोला." माझ्या तोंडातून आकडाच निघेना. मागचे लोक ओरडायला लागले. मी बाजूला झालो.

दिवसभर असंच झालं. सहा तासांचा प्रवास करून मी एकही तिकीट न काढता परत आलो. ज्या घोड्याचे पाय मला सगळ्यांत वाईट वाटले होते तो तिसऱ्या शर्यतीत आरामात जिंकला. वाईट पायाचे घोडेही जिंकतात, हे चाचांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी मला कधी काही सांगितलंच नव्हतं. तरीही त्यांनी माझा खेळ पार बिघडवून टाकला होता, आणि मी बसमध्ये त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

मग एक दिवस मी सुट्टी टाकली आणि सिल्लोडच्या बाजाराला गेलो. चाचा बाजाराच्या दिवशी तिथं बैलांना पत्र्या ठोकायला बसतात, हे त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. जाताना मी ठरवलं होतं की माफी मागायची. आणि हेही ठरवलं होतं की त्यांना स्पष्ट सांगायचं, तुमच्यामुळं माझं असं झालं.

गुरांच्या बाजारात एका कडूनिंबाखाली ते सापडले. एक पांढरा बैल दोरानं पाय बांधून आडवा पाडलेला, मालक त्याच्या डोक्यापाशी, चाचा खुराशी. मला पाहून ते अजिबात चकित झाले नाहीत.

"या साहेब. जयभीम. जरा ह्यो पाय धरा. धनी एकटाच आलाय आणि बैल लई वडतंय."

मी कारखान्यात जातो तसा इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. खाली शेण होतं. मी गुडघ्यावर बसलो आणि बैलाचा पाय दोन्ही हातांनी धरला. तो पाय एवढा गरम असेल असं मला वाटलं नव्हतं. बैलानं एक झटका दिला आणि मी मागं पडलो. मालक हसला. चाचा हसले नाहीत.

"घट्ट धरा. तुम्ही भिऊन धरलं की त्यालाबी भ्या वाटतं."

मी घट्ट धरला. त्यांनी पत्री बसवली, खिळे ठोकले. ठोकता ठोकता मी बोललो. बैलाच्या पायावर मान घालून माफी मागणं फार अवघड असतं. मी म्हणालो, "त्या दिवशी बसमध्ये मी जे बोललो ते चुकलं."

"हं."

"पण चाचा, तुमच्यामुळं माझा खेळ गेला. आता मला प्रत्येक घोड्यात खोटच दिसते. तिकीट काढताच येत नाही."

त्यांचा हातोडा थांबला. मला वाटलं ते म्हणतील, बरं झालं, सुटलात. माझी बायको तेच म्हणाली असती. पण ते म्हणाले, "कोनची खोट?"

मी सांगितलं. बसकी टाच, आत वळलेला खूर, आखडलेला पाय. ते लक्ष देऊन ऐकत होते. मधेच विचारायचे, पुढचा की मागचा? डावा की उजवा? टाच बसकी म्हणजे किती, बोटभर की दोन बोटं? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "तुम्हाला काय बी दिसलं नाय. तुम्ही घाबरले, बस्स."

मला इतका राग आला की पाय सोडून उठावंसं वाटलं. पण बैलाचे अजून दोन खूर राहिले होते आणि चाचांनी पुढचा खिळा उचलला होता. मी धरून राहिलो.

त्या दिवशी मी दुपारपर्यंत तिथं होतो. पाच बैलांचे पाय धरले. शर्ट फेकून द्यावा लागला. चाचांनी मधे एकदा विचारलं, तो सात नंबर पुन्हा पळाला का. मी पेपरात पाहिलं होतं. पळाला होता, चौथा आला होता. ते ऐकून त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. "पाय ठीक हाय न?" एवढंच विचारलं. मला ठाऊक नव्हतं. पेपरात ते छापत नाहीत.

आता या वर्षीचा सीझन सुरू झालाय. मी खेळ सोडलेला नाही, उगाच खोटं कशाला लिहू. तिकिटं पुन्हा काढायला लागलो, आणि हरतोही पूर्वीसारखाच. फरक इतकाच की आता आकडा मीच ठरवतो, त्यामुळं हरल्यावर मी शेजारच्या अनोळखी माणसाला दोष देऊ शकत नाही. मागच्या रविवारी चाचा दुसऱ्यांदा बरोबर आले होते. मी आधीच सांगून टाकलं होतं की नंबर विचारणार नाही. पण चौथ्या शर्यतीला माझा धीर सुटला. दोन घोड्यांमध्ये अडकलो होतो आणि भाव पडत चालला होता.

"चाचा, फक्त एवढंच सांगा, या दोघांतल्या कुणाचा पाय बरा आहे?"

ते कठड्यावरून वळले आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं बाजारात एखादा माणूस आजारी जनावर निरोगी म्हणून विकायला आल्यावर पाहत असतील.

"दोघांचे बी बरे हायत," ते म्हणाले.

मी एकावर लावले. दुसरा जिंकला.